पुराच्या मदतीचा अर्ज नेमका कुठं करायचा? (सीनाकाठचं गाव)

सीनाकाठ | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं रोज वाचतो, लिहितो क्वचित. आज अडलोय म्हणून धागा काढतो.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आई गावी एकटी असते. गाव सीनेच्या अगदी काठाला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नदीनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. लांबोटीचा पूल बंद, वडकबाळचा रस्ता बंद, आणि मी शहरात अडकलेलो. आईला रात्री गावातल्या पोरांनी ट्रॅक्टरवर बसवून शाळेत नेलं. निघताना तिनं दोनच वस्तू घेतल्या, वडिलांचा फोटो आणि कागदांची पिशवी.

घर माळवदाचं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. पाणी छातीएवढं चढलं, दीड दिवसानं उतरलं. चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. भिंती उभ्या होत्या. "कच्चे घर, अंशतः पडझड" असं लिहिलं, आईनं अंगठा दिला, ती पुढच्या घरी गेली. मग ऊन पडलं आणि नवव्या दिवशी दुपारी मागची भिंत बसली. आडवी पडली नाही. खालची ओली माती सरकली आणि अख्खी भिंत जागच्या जागी खाली आली, मागून माळवद, लाकडासकट. आई तेव्हा अंगणात गोधड्या वाळत घालत होती. दहा मिनिटं आधी ती त्याच भिंतीला टेकून डाळ निवडत होती.

रान ३ एकर. २ एकर ऊस, १ एकर सोयाबीन. ऊस चिखलात झोपलाय, सोयाबीन जाग्यावर कुजलं. नदीकडची १० गुंठे माती तर निघूनच गेली, खाली मुरूम उघडा पडलाय. सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे. वडील २०२१ ला गेले.

प्रश्न साधा आहे. मदतीचा अर्ज कुठं करायचा? ऑनलाइन आहे का? छापील फॉर्म आहे का? गावात एक जण ५०० रुपये घेऊन "फॉर्म भरून देतो" म्हणतोय. आईनं दिलेसुद्धा असते, मी थांबवलं.

कडक_भाकरी | ९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

दादा, आधी आई कशा आहेत ते सांगा. राहतात कुठं आता? जेवणाखाण्याचं काय?

आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून त्या आठवड्यात भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती. कडक भाकरी टिकते म्हणून तीच केली. तुमच्या बाजूला पोचली का माहीत नाही. गोधड्या, लुगडी लागत असतील तर सांगा, कोणाच्या तरी गाडीत घालून देते.

सीनाकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१२

ताई, पोचली होती. आई सांगत होती, शाळेत तीन दिवस तीच खाल्ली. आता चुलतीकडे आहे. सोलापुरात यायला तयार नाही. "घर उघडं टाकून कशी येऊ" म्हणते. घराला मागची भिंतच नाही, तरी रोज सकाळी जाऊन पुढचं अंगण झाडून येते.

माढेकर_पोरगं | १० ऑक्टोबर, सकाळी ८:३०

भाऊ त्या ५०० वाल्याला एक रुपाया देऊ नको. फॉर्म बिर्म काय नसतंय. मी ई-सेवा केंद्रात बसतो म्हणून सांगालोय. तलाठी यादी चढवतो, तहसीलमधून ती वर जाते, मग प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो. तो क्रमांक घेऊन आमच्याकडं यायचं, आधारवर अंगठा द्यायचा, झालं. यादीत नाव नसलं तर लाख फॉर्म भरले तरी कायबी होत नाही.

जुना_तलाठी | १० ऑक्टोबर, सकाळी ९:५०

माढेकर बरोबर सांगतोय. मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं लोक "अर्ज" शोधत बसतात आणि खरा कागद हातातून निसटतो. मदतीचा पाया पंचनामा. शेतीचा पंचनामा तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक मिळून करतात. (तिघांचीही पदनावं आता बदललीत, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच चालतं.) पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच शेतकरी यादीत येतो. तुमचं पूर्ण गेलंय, तिथं अडचण नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, घराचा पंचनामा भिंत पडण्याआधी झाला. कच्च्या घराची अंशतः पडझड म्हणजे ४,००० रुपये, आणि तेही किमान १५ टक्के पडझड असेल तर. घर पूर्ण नष्ट झालं असेल तर सपाटीच्या भागात १ लाख २० हजार. एका शब्दानं एवढा फरक पडतो. म्हणून फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज तहसीलदारांच्या नावे आजच द्या. हा मात्र खरोखर अर्ज आहे. त्यात तारखा लिहा. पाणी कधी शिरलं, कधी उतरलं, पहिला पंचनामा कधी झाला, भिंत कधी पडली. पडलेल्या भिंतीचे फोटो जोडा, ज्या फोटोवर ठिकाण आणि तारीख उमटते असे. आणि पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

पांढऱ्या मातीची भिंत पाणी पिते आणि ऊन लागल्यावर सुटते, हे सोलापूर जिल्ह्यात कोणत्याही कर्मचाऱ्याला नव्यानं सांगावं लागत नाही. पण कागदावर आल्याशिवाय त्याचे हात बांधलेले असतात.

दुसरी अडचण वारसाची. वडील जाऊन चार वर्षं झाली, नोंद का केली नाहीत?

सीनाकाठ | १० ऑक्टोबर, दुपारी १:१५

काका, खरं सांगतो. बहीण लातूरला दिलीय. नोंद करायची म्हटलं की तिचं नाव लागणार, मग चुलते म्हणायचे आधी तिचं हक्कसोड करून घ्या. बहीण नाही म्हणाली नव्हती, पण मलाच ते मागायला जीभ रेटली नाही. तसंच राहून गेलं.

चंद्रभागा | १० ऑक्टोबर, दुपारी २:००

हक्कसोड आणि वारस नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! वारस नोंदीला हक्कसोड लागतच नाही. आई, तुम्ही आणि बहीण, तिघांची नावं सरळ लागतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीचा हक्क मुलाएवढाच आहे. हक्कसोड हा पुढचा आणि तिच्या मर्जीचा विषय. त्याच्यासाठी आईची मदत अडकवू नका.

जुना_तलाठी | १० ऑक्टोबर, दुपारी ३:२०

चंद्रभागाताईंनी नेमकं बोट ठेवलं. यंदा १ एप्रिलपासून राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम झाली, ती अशाच मयत खातेदारांसाठी होती. तेव्हा राहिलं असेल तरी आता होतं. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या अर्ज करा किंवा तलाठ्याकडं द्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र, सगळ्यांचे आधार. फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावाच्या बदलाची नोंद) धरला की नमुना ९ ची नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. म्हणजे आज दिलंत तर दिवाळीनंतर सातबारा जिवंत होईल.

तोवर तलाठ्याला लेखी कळवा की खातेदार मयत आहे, वारस अमुक, नोंद प्रलंबित. नाहीतर वडिलांच्या नावानं क्रमांक पडेल आणि अंगठा द्यायला माणूस नसेल. असे क्रमांक वर्षानुवर्षं पडून राहिलेले मी बघितलेत.

पुण्यातला_सोलापूरकर | १० ऑक्टोबर, सायंकाळी ६:४५

वाईट वाटतं वाचून. पण एक विचारतो, राग मानू नका. पीकविमा काढला होता ना? ७२ तासांच्या आत तक्रार नोंदवली असती तर विम्याचे वेगळे मिळाले असते. लोक हे करत नाहीत आणि मग सरकारच्या तोंडाकडं बघतात.

माढेकर_पोरगं | १० ऑक्टोबर, सायंकाळी ७:०२

दादा तुमी कुठल्या साली अडकलाव? ७२ तासाची तक्रार या खरिपापासून बंद झाली. एक रुपयाचा विमाबी गेला, आता खरिपाला २ टक्के हप्ता शेतकऱ्याचा. भरपाई फकस्त पीक कापणी प्रयोगावर. महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न निघाल, ते आधी ठरवलेल्या उंबरठ्याच्या खाली आलं तर पैसे. आमच्या केंद्रावर पुरानंतर शंभरेक जण आले ७२ तासवाली तक्रार करा म्हणून. एकेकाला समजावून परत पाठवताना माझा जीव तुटालता.

पुण्यातला_सोलापूरकर | १० ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

हे मला खरंच माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेतो. सीनाकाठ, माफ करा.

गोठा | १० ऑक्टोबर, रात्री ९:१५

जनावरांबद्दल पण लिहा कोणीतरी. माझ्या दोन म्हशी आणि एक रेडकू गेलं. एक म्हैस बाभळीला अडकलेली सापडली, दुसरी आणि रेडकू वाहूनच गेलं. डॉक्टर म्हणतात शवविच्छेदन कशाचं करू?

जुना_तलाठी | १० ऑक्टोबर, रात्री ९:५०

गोठा, दुभत्या जनावराला ३७,५००, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासरा-रेडकाला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००. पूर्वी मोठ्या दुभत्या जनावरांना ३ ची मर्यादा होती, ती या वेळच्या पॅकेजमध्ये काढल्याचं जाहीर झालंय. वाहून गेलेल्यांसाठी पंचनाम्यात "वाहून गेले" असं स्पष्ट लिहून घ्या, शेजारच्या दोघांचे जबाब जोडा. कानातला बिल्ला मारलेला होता का? त्याचा १२ आकडी क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदीत असतो. दूध संकलन केंद्राची पावतीवही असेल तर तीही द्या. दूध घालत होता याचा तो पुरावाच.

गोठा | १० ऑक्टोबर, रात्री १०:०५

बिल्ला होता. वही पण आहे, २१ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत दूध घातलंय. पुढची पानं कोरी. ती वही उघडवत नाही काका. पण उद्या घेऊन जातो.

चादर_गल्ली | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

शहराचंही थोडं. आमचं दुकान सखल भागात. नाल्याचं पाणी शिरलं, खालच्या दोन फळ्यांवरचा माल गेला. दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर झालीय, पण पंचनाम्याला येणाऱ्यानं पहिला प्रश्न केला, "परवाना कुठाय?" परवाना होता, पण दुकानातच होता, भिंतीवर चौकटीत. चौकट तरंगत शेजारच्या गाळ्यात गेली. नशिबानं मोबाईलमध्ये फोटो होता. सगळ्यांना सांगणं एवढंच, महत्त्वाच्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.

वाटेकरी | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

तुम्ही सगळे सातबाऱ्याचं बोलताय. ज्याच्याकडं सातबाराच नाही त्यानं काय करायचं?

मी ४ एकर निम्म्या वाट्यानं करतो. बी माझं, खत निम्मं माझं, कष्ट सगळे माझे. मालक परगावी. मदत सातबाऱ्यावर येणार, म्हणजे मालकाच्या खात्यावर. मालक चांगला माणूस आहे, पण त्यानं दिले नाहीत तर मी कुठल्या कागदावर मागू? उसनवारी करून बी आणलं ते माझ्या डोक्यावर आहे.

चंद्रभागा | ११ ऑक्टोबर, दुपारी १:००

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे. आपल्याकडं वाट्याचा व्यवहार तोंडी चालतो, मालक लिहून द्यायला घाबरतो की उद्या कूळ लागेल. म्हणून कष्टकरी कागदावर कुठंच नाही.

पुण्यातला_सोलापूरकर | ११ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मालकाच्या बाजूनंही बघा. माझी बार्शीकडं ५ एकर आहे, मीही वाट्यानं देतो. कुळाची भीती खरीच असते, आजोबांच्या काळात आमची जमीन गेलीय. तरीपण या वर्षी जी काही रक्कम येईल ती अर्धी वाटेकऱ्याला द्यायचं ठरवलंय. कायदा असो नसो, बी त्याचं होतं.

वाटेकरी | ११ ऑक्टोबर, दुपारी २:१५

तुमच्यासारखं सगळ्यांनी केलं तर बरं होईल. पण मला कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहायचं नाही. माझ्या घामाची नोंद पाहिजे.

जुना_तलाठी | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

वाटेकरी, शेतीच्या मदतीत तुमच्यासाठी आज कागद नाही, हे मी गोड शब्दांत झाकणार नाही. पण घरात पाणी शिरलं असेल तर त्याचा शेतीशी संबंध नाही. कुटुंबाला जाहीर झालेले १०,००० रुपये घरात राहणाऱ्या कुटुंबाला आहेत, जमीन असो वा नसो. केंद्राच्या निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असल्याचा उल्लेख आहे, म्हणून पाणी किती वेळ होतं ते पंचनाम्यात नीट लिहून घ्या. भाड्याचं घर असेल तर रेशनकार्ड आणि विजेचं बिल दाखवा. तुमचं नाव त्या यादीत आहे का ते आधी बघा.

संगम_कुडल | ११ ऑक्टोबर, रात्री ९:००

जरा बाजूचं. मी भीमा-सीना संगमाकडचा, हत्तरसंग कुडलच्या जवळचा. तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा. हजार वर्षं माणसं या दोन नद्यांच्या मध्ये राहतायत. माझी आजी म्हणायची, भीमा सांगून येते, सीना न सांगता येते. भीमेवर उजनी आहे, पाणी सोडलं की भोंगा वाजतो, निरोप येतो. सीनेला वरून कोळेगाव, खासापुरी, चांदणीचं पाणी आणि ओढ्यानाल्यांचं सगळंच एकदम येतं. या वेळी आजीचं वाक्य आठवलं.

चंद्रभागा | ११ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सांगून येते खरी, पण २०२० च्या ऑक्टोबरात पंढरपुरात सांगूनही वेळ मिळाला नव्हता. आमचं तेव्हा डाळिंब गेलं. फळबागेला हेक्टरी २५,००० जाहीर झाले होते, २ हेक्टरपर्यंत. यादीत नाव होतं, रक्कम "जमा" दाखवत होती, आणि आमच्या पासबुकात काही नाही. आठ महिने मी बँकेत चकरा मारल्या. शेवटी कळलं, खातं सासऱ्यांचं होतं आणि व्यवहार नसल्यानं गोठवलेलं. पैसे परत गेले होते. म्हणून सांगते, यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

माढेकर_पोरगं | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१०

चंद्रभागाताई, आता तर खातं आपण सांगतच नाही. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आणि आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतंय, शेवटी जोडलं ते. किती जणांनी मोबाईलचं सिम घेताना दुकानदारानं उघडलेलं पेमेंट खातं असतंय, त्यांना पत्ताच नसतो. मोबाईलवर *९९*९९*१# लावून आधार नंबर टाका, कुठली बँक जोडली ते कळतं. नाहीतर आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग बघा.

अजून एक. शेतकरी ओळख क्रमांक काढला आसंल (अ‍ॅग्रीस्टॅकवाला) तर त्याला ई-केवायसीतून, म्हणजे ते आधारवर अंगठा द्यायचं, त्यातून सूट दिल्याय. पण तुमच्या वडलांचा तो निघणार नाही, सीनाकाठ दादा. आईचं नाव लागलं की आधी तिचा काढून घ्या.

सीनाकाठ | १६ ऑक्टोबर, रात्री ८:२०

सगळ्यांना आधी कळवतो. सोमवारी रजा टाकून गेलो. फेरपंचनाम्याचा अर्ज दिला. टेबलावरच्या बाई म्हणाल्या "ठेवून जा". मी म्हटलं पोच पाहिजे. पाऊण तास उभा राहिलो, पण शिक्का मारून घेतला. काका, तुमचं वाक्य मनात होतं.

वारस नोंदीसाठी बहिणीला फोन केला. चार वर्षं जे बोलायला घाबरत होतो ते दोन मिनिटांत झालं. ती म्हणाली, "माझं नाव लाव, आईचं लाव, मला काय नको, पण नाव लाव. बाबांच्या रानात माझं नाव असू दे." फोन ठेवल्यावर मी कारखान्याच्या मागं जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

आता हिशेब विचारतो. मला किती मिळतील?

जुना_तलाठी | १६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

बहिणीला माझा आशीर्वाद सांगा.

हिशेब मांडतो. १ एकर म्हणजे ४० आर, १०० आरचा १ हेक्टर. जिरायत हेक्टरी ८,५००, म्हणून ४० आर सोयाबीनला ३,४००. ऊस बागायतीत, हेक्टरी १७,०००, ८० आरचे १३,६००. झाले १७,०००. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जाहीर झालेत, १ हेक्टर २० आरचे १२,०००. एकूण २९,०००. ही मदत या वेळी ३ हेक्टरपर्यंत आहे. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम. १० गुंठ्यांचे रोख ४,७०० होतात, पण त्याचा पंचनामा वेगळा लागतो. पिकाच्या पंचनाम्यात तो आपोआप येत नाही. बघा लिहिलाय का.

वाटेकरी | १६ ऑक्टोबर, रात्री १०:००

१ जानेवारी २०२४ च्या निर्णयात जिरायतीला १३,६०० आणि बागायतीला २७,००० होते. ३० मे २०२५ ला ते परत ८,५०० आणि १७,००० केले, आणि चार महिन्यांत पूर आला. हे पण लोकांना कळू द्या.

जुना_तलाठी | १६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

बरोबर आहे. रब्बीचे १०,००० धरून ७ ऑक्टोबरच्या घोषणेत जिरायतीचे १८,५०० झाले. पण ती जोड या वेळेपुरती. मूळ दर आहे तोच आहे, आणि एकरी खर्चाच्या मानानं तो फार तुटपुंजा आहे, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

घरकुल_कुंभारी | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

उशिरा वाचलं. सीनाकाठ दादा, तुमच्या आई विड्या वळायच्या का कधी?

विचारायचं कारण सांगते. माझी आई आणि मावशी चाळीस वर्षं विड्या वळतात. तेंदूच्या पानानं आणि तंबाखूनं अंगठ्याच्या रेषा झिजून गुळगुळीत होतात. मावशीचं गावाकडं शेत आहे, तिचा क्रमांक पडला, पण मशीनवर अंगठा उठेना. आठ वेळा लावला. केंद्रातला पोरगा चिडला, मावशी रडायला लागली, म्हणाली, "माझा हात खोटा आहे का?" मग आम्ही दुसऱ्या केंद्रावर नेलं, तिथं डोळ्याच्या बुबुळांचं मशीन होतं. एका मिनिटात झालं. खुरपणी करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांचंही असंच होतं. अंगठा नाही उठला तर थांबू नका, बुबुळाचं मशीन कुठं आहे ते विचारा, किंवा आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीनं करा.

माढेकर_पोरगं | २६ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

ताई, आमच्याकडं बुबुळाचं मशीन नव्हतं. तुमचं वाचून मालकाला म्हणालो, आणू या. अंगठा उठत नाही म्हणून मीबी दोन आज्यांना परत पाठवलंतं. त्यांना आता निरोप धाडतो.

आणि अंगठा देण्याआधी स्क्रीनवर नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम दिसते ती वाचून घ्या. चूक आसंल तर "असहमत" करायची सोय आहे, तक्रार तहसीलला जाते. एकदा सहमत केलं की मग लै अवघड.

सीनाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

महिन्यानं येतोय. कुठवर आलंय ते लिहितो, म्हणजे पुढं कुणी हा धागा शोधत आला तर त्याला उपयोग होईल.

फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आई, मी, बहीण. तिघांची नावं एकाखाली एक. आईला वाचता येत नाही, तरी तिनं त्या ओळीवर बोट फिरवलं.

जमिनीचं तिघांचं सामाईक खातं असल्यानं मी आणि बहिणीनं आईच्या नावे संमतीपत्र दिलं. आईचा अंगठा उठलाच नाही. घरकुलताई, तुमची आठवण झाली. विड्या नाही वळल्या तिनं, पण जन्मभर खुरपं धरलंय. बुबुळाचं मशीन शोधत दुसऱ्या गावात गेलो. आईनं डोळा मशीनला लावला आणि घाबरून मिटून घेतला. त्या केंद्रातली मुलगी म्हणाली, "आजी, माझ्याकडं बघा, मशीनकडं नको." मग झालं. पिकाचे १७,००० परवा आले. स्क्रीनवर खरडलेल्या जमिनीचा आकडा नव्हता, म्हणून तिथं वेगळी तक्रार दिलीय. रब्बीचे अजून नाहीत.

घराचा फेरपंचनामा झाला. या वेळी बांधकामाचे अभियंते होते. आत गेले, टेप लावून मोजलं, उरलेल्या भिंतीला हात लावून म्हणाले ही पण पावसाळा काढणार नाही. "पूर्णतः नष्ट" लिहिलं. प्रत मागितली, दिली. पैसे आले नाहीत अजून.

वाटेकरी दादा, तुमचं काय झालं?

वाटेकरी | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

घराचे १०,००० मिळाले. यादीत नाव नव्हतं, काकांनी सांगितलं म्हणून बघितलं आणि लावून घेतलं. शेताचे मालकाच्या खात्यावर आले. त्यानं अजून विषय काढला नाही, मीही नाही. ज्वारी पेरलीय, बी परत उसनंच.

पुण्यातला_सोलापूरकर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४५

वाटेकरी, तुम्ही विषय काढा. माझ्या वाटेकऱ्यानं काढला नसता तर मीही कदाचित पुढं ढकललं असतं. परवा त्याला दिले.

जुना_तलाठी | १९ नोव्हेंबर, रात्री ११:००

सीनाकाठ, एक राहिलं. सातबारा झाला, पण घर कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला अजून वडिलांचंच नाव असेल. घराची रक्कम त्याच नावानं निघाली तर पुन्हा तिथंच अडकाल. मृत्यूचा दाखला आणि फेरफाराची प्रत घेऊन जा, आईचं नाव लावून घ्या.

सीनाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ११:०८

हे डोक्यातच आलं नव्हतं काका. आईला आत्ता फोन लावून विचारलं, घरपट्टीची पावती त्या पिशवीतच आहे म्हणाली. वडिलांच्या नावाची. उद्या पहाटेच्या एसटीनं निघतो, ग्रामपंचायत उघडायच्या आधी दारात असेन.